काज

शर्ट मास्तरांचा, कॉलर मास्तरांची,
गिऱ्हाइकाची शाबासकीही मास्तरांचीच.
माझ्या वाट्याला काज.
म्हणजे भोक.
कात्रीने पाडायचं
आणि दोऱ्याने त्याची लाज झाकायची.

म्हापशाच्या बाजारात केळीवाल्यांच्या ओळीमागे
सावळो मास्तरांचं दुकान,
तिथे इस्त्रीच्या टेबलाआड माझं स्टूल.
सत्तावीस वर्षं.
आत येणाऱ्याला आधी माझी चप्पल दिसते,
मग मी, दिसलेच तर.

"शिवतेस का गो?" कुणी विचारलं
तर म्हणायची, "नाही हो, नुसती काज-बटण करते."
हे 'नुसती' कुणी शिकवलं आठवत नाही.
आईने असेल.
पाहुण्यांना सगळी भावंडं दाखवून झाली की
ती माझ्याकडे वळायची,
"आणि ही? ही आहे आपली."

शुक्रवारी, बाजार भरात असताना
कायतान बाब आला.
जन्म जहाजावर गेलेला,
आता शिवोलीत घर आणि दुखरे गुडघे.
पिशवीतून त्याने एक शर्ट काढला,
निळा असावा कधीकाळी.
कोपरं विरलेली, कॉलरचे धागे सुटलेले.
"मास्तर, असाच आणिक एक."
मास्तर खांदा मापत होते,
आणि याचा अंगठा
काजांवरून फिरत होता, वरून खाली,
जपमाळेचे मणी ओढावेत तसा.

"हीं काजां कोणाचीं?"
"आमच्या दुकानाचीच," मास्तर म्हणाले,
तोंडात टाचण्या.
"न्हय. हात कोणाचो?"

मग सांगत बसला.
पिदाद, त्याची बायको.
शेवटची दोन वर्षं तिचे हात कापायचे,
चहाचा कप धरवत नव्हता,
तरी रविवारी मिसाला जाताना
याच्या शर्टाची बटणं तीच लावणार.
बाकीच्या शर्टांशी झगडायची, रडायची,
याला ढकलून द्यायची.
या शर्टाचं काज मात्र
तिच्यासाठी थांबून राहायचं.
"बुतांव आपसूक भितर. आनी ती हांसताली."

मास्तरांची टेप हवेत राहिली.
मी उठले.
मांडीवरचे दोऱ्यांचे तुकडे फरशीवर सांडले.
"म्हजीं," म्हटलं.
आवाज फुटला नाही.
पुन्हा म्हटलं.

त्याने दिलं काहीच नाही.
डोक्यावरची टोपी उतरवून
छातीशी धरली थोडा वेळ,
मग बाहेर जाऊन केळ्यांचा भाव करू लागला.

अस्नोड्याच्या बसमध्ये
कंडक्टरला म्हटलं, "दोन रुपये राहिले."
रोजच राहतात.
रोज मी खिडकीबाहेर बघते.
त्याने पाहिलं माझ्याकडे,
जणू सीटच बोलली.
दिले.
करासवाडा येईपर्यंत मी
दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे.

घरी वहिनीने ताटात
बांगड्याची शेपटी वाढली.
खाल्ली.
सगळं एका दिवसात होत नाही.

रात्री ब्लाउज काढताना पिन टोचली.
वरच्या हुकाचं काज कधीच तुटलंय,
किती वर्षं झाली, सेफ्टी पिनच लावते.
लोकांसाठी किती काजं केली, हिशेब नाही,
आणि स्वतःसाठी एक करायला
मला कुणी अडवलं होतं?

दिव्याखाली बसले.
भावाचा टीव्ही पलीकडे बडबडत होता.
सुईत दोरा पहिल्या खेपेला गेला.
टाक्याला चिकटून टाका,
पदराखाली जाणार, दिसणार कुणालाच नाही,
तरी तितकाच नीट,
जितका तेव्हा पिदादसाठी घातला होता
तिला न ओळखता.