चपट्या तारा

मी मोटारी गुंडाळते.
म्हापशात, खोर्लीच्या चढावर, पत्र्याच्या दुकानात
विहिरीचे पंप, मिक्सर, जळलेले पंखे.
तांब्याचे वेढे मोजत बसते तोंडातल्या तोंडात,
मध्येच गिऱ्हाईक आलं की आकडा जातो,
पुन्हा एकपासून.

म्हणून मेंडोलिनची तार भिंगाखाली धरली तेव्हा
कुणी समजावून सांगायला लागलं नाही.
आत पोलाद, वर गोल तारेचा वेढा,
दोन वेढ्यांत खाच,
खाचेत माझ्या बोटांचं वॉर्निश, घाम,
आणि खाडीवरून येणारं मीठ.
बोट सरकलं की ही खाच किरकिरते.
दोन सुरांच्या मध्ये मीच ऐकू येते,
चपला ओढत जाणारी.

मडगावच्या दुकानात कायतानने पाकीट फोडलं.
"ही चपटी. वर पट्टी गुंडाळलेली. हात फिरव."
फिरवला.
जुन्या देवळाच्या पितळी कडीसारखी लागली,
माणसांनी धरून धरून गुळगुळीत केलेली.
मग त्याने दोन्ही छेडून दाखवल्या.
साधी वाजली स्टीलचं ताट पडल्यासारखी.
चपटी,
शेजारच्या घरात कुणी हळू बोलत असावं तशी.

"सगळ्या गुंडाळलेल्या?"
"सोल, रे, ला. मी तेवढी उघडी."
मी हसले.
मराठीत काय झालं ते त्याला कळलं नाही,
त्याच्या घरी 'मी'ला हांव म्हणतात.

तीन हजार चारशे.
दोन पंपांची मजुरी.
कदंबाच्या बसमध्ये पाकीट मांडीवर धरून
पणजीपर्यंत हिशेब केला, पुढे सोडून दिला.

जुन्या तारा भंगारात टाकणार होते.
पण आठ तारांचं वजन ते काय भरणार,
आणि काट्यावर ठेवून विचारायची लाज वाटली.
आहेत खिळ्याला.

मेंडोलिन इश्पेरांसबाईंचं.
बोटं वळेनाशी झाली तेव्हा माझ्याकडे देऊन
त्या मुलाकडे स्विंडनला गेल्या,
दोन स्वेटर आणि सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन.
शिकवायच्या तेव्हा बघायच्या नाहीत कधी.
पाठ माझ्याकडे, हात चुलीवरच्या कालवणात,
आणि म्हणायच्या,
"तिसऱ्यावरून सातव्या पडद्यावर उडी मारलीस. चाल."
कसं कळतं, विचारलं नव्हतं.
किरकिर ऐकून कळायचं, आणखी कसं?
हे मला चपट्या तारा चढवून,
शेवटची खुंटी पिळून झाल्यावर सुचलं.

रविवारी साडेचारला फोन.
मी सरळ वाजवायलाच घेतलं.
इतकं गुळगुळीत कधी गेलं नव्हतं माझ्या हातून,
पडद्यांवर लोणी लावल्यासारखं.
संपवलं.

"हॅलो? आयकूंक येना गो."
"वाजवलं की आत्ता."
"ना. लाइन गेली."

पुन्हा वाजवलं. पुन्हा गेली.
फोनला वरचं वरचं तेवढं उचलता येतं,
पोटातलं इथेच राहतं,
पाच हजार मैल कोण नेणार?

मी साईशला हाक मारली.
हातातला सोल्डर ठेवून तो आला,
मेंडोलिनच्या छिद्राशी फोन धरून उकिडवा बसला,
श्वास रोखून, जसा मी त्याला
बारीक तार जोडताना रोखायला शिकवलाय तसा.
मी वाजवलं, हळू.
बाहेर मोटारसायकल गेली. थांबले नाही.

तिकडे काही नाही.
मग नळ बंद केल्याचा आवाज.
म्हणजे इतका वेळ तिकडेही पाठच होती.

"रे उतरलाय," त्या म्हणाल्या.
"जोडीतला आतला."

होता.