खोबण

आडवी पडले होते तेव्हा बोलून गेले नवस.
पोर पायाळू, दाई घामाघूम,
बाहेर गाढव उगाच ओरडत होतं.
म्हटलं, ही जगली तर कड्यावरच्या तुझ्या देवळात आणीन,
तिथंच पाणी पडू दे तिच्या डोक्यावर.
आडव्यानं बोललेलं
आज उभ्यानं फेडायचं आहे.

आज ऐंशीवा दिवस. मुलगी म्हणून ऐंशी;
मुलगा असता तर चाळिसाव्यालाच हा कडा समोर आला असता.
गेब्रेमेदिन नाही. तो उंटांबरोबर खाली मिठाच्या रानात,
परतेल तेव्हा ओठ फुटलेले असतील.
सोबत माझा भाऊ काहसाय, आणि सासू,
जी पायथ्याशीच बसली निवडुंगाच्या सावलीत.
म्हणाली, माझे गुडघे देवाला माहीत आहेत.

चपला काढल्या.
पवित्र जागा म्हणून, असं केशी अत्सबहा म्हणतात.
घसरतात म्हणून, असं काहसाय.
दोघांचंही खरं.

निम्म्यावर खोबणी संपल्या.
म्हणजे मला वाटलं, संपल्या.
उजवा पाय हवेत, अंगठा दगड चाचपतोय
डोळे न उघडलेल्या पिल्लासारखा.
खाली गिधाडाची पाठ दिसली.
पाठ! आजवर मी त्यांची पोटंच पाहिली होती.
लोक म्हणतात, जीव मुठीत धरावा;
मूठच मोकळी नव्हती.
लोक म्हणतात, देव पाठीशी असतो;
माझ्या पाठीशी पोर होती,
कवड्या शिवलेल्या कातडी झोळीत,
आणि ती झोपली होती.

तेव्हा भांडले तुझ्याशी, दात आवळून.
बोलावतोस, आणि पायऱ्या करत नाहीस.
इतक्या उंच राहायचं काय अडलं होतं तुझं?
खाली पाणी आहे, सपाटी आहे, माणसं आहेत.
उत्तर आलं नाही.
वरून केशींचा खोकला आला फक्त;
सत्तरी उलटलेले, रोज चढतात, कमरेला किल्ली.

मग पाय टाकला.
जागा सापडल्यावर नव्हे, आधी.
वजन गेलं, आणि खाली दगड होता:
वाटीएवढी खोबण, गुळगुळीत,
छिन्नीचा घाव नाही तिला.
टाचांनी झिजवलेली.
कुणाच्या टाचा? निधड्या माणसांच्या?
छे. निधड्यांचा पाय इथं क्षणभरही ठरत नाही.
थरथरत थांबलेल्यांनीच ती खोल केली असणार,
माझ्यासारख्यांनी,
भांडत भांडत.

आतलं थोडक्यात सांगते.
अंधार, धूप, भिंतीवर मोठ्या डोळ्यांचे देवदूत.
पाणी थंडगार. पोर एकदाच किंचाळली
आणि तिला नाव मिळालं.
सासूला अजून माहीत नाही ते. तुला आहे.

पण उतरायचं राहिलं होतं.
नवसात त्याबद्दल काहीच बोलले नव्हते.
चढताना निदान दगड नाकासमोर,
पुढचं बोट कुठं जाणार ते दिसतं.
उतरताना तोंड कड्याला, पाठ साऱ्या दरीला,
आणि पाय सोडायचा तिथं
जिथं डोळे पोचत नाहीत.
ऊन चढलंय. दगड तव्यासारखा.
काहसाय खालून म्हणतो, सोड.
मी म्हणते, थांब.

पोर जागी आहे आता.
मानेवर तिचा ओला श्वास.
अशीच आली होतीस ना गं तू,
पाय आधी,
काही न बघता,
आणि काळोखात कुणाचा तरी हात
तुझ्या टाचेला लागला होता.

सोडते.