अर्धा सेकंद

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये इलियासनं
पेडलची वायर सोडवून मधे एक डबी बसवली,
काडेपेटीएवढी. साडेसहा हजार.

आधी पाय दाबला की गाडी
विचार करायची, मग निघायची.
आता नुसता अंगठा टेकवला
तर मागच्या सीटवरचे शेंगाचटणीचे पुडे खाली.

"ताकद नाही वाढली बे," इलियास म्हणाला,
"इंजिन तेच हाय. फक्त ऐकतंय लवकर."

होटगी रोडला शेजारी नायना.
चाळीस वर्षं लूमवर,
कान तिकडंच राहिले, धोट्यासोबत.
"कशी पळतेय?" मी विचारलं.

सिग्नल सुटला. आसरा पूल चढलो,
उतरलो.

काचेतून बाहेर बघत नायना म्हणाले,
"जेवलो की मघाशीच."