तीन किलो दोनशे

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, गाळा अकरा.
शटर अर्धंच वर जातं,
त्यामुळे उंच गिऱ्हाईक आपोआप वाकून येतं.

सँडर मी भंगारातून उचललेला.
एक हॉर्सपॉवरची मोटर, सहा इंची पट्टा,
आणि टेबल असं, की काटकोन मागितला
तर एक्याण्णव अंश द्यायचं,
वाणी वर चिमूटभर घालतो तसं.

पावडरच्या डब्याचा पत्रा कापून खाली सरकवला.
एक पट्टी. मग अर्धी.
गुण्याच्या फटीतला उजेड मिटला
तेव्हा लहू म्हणाला, "बसलं."

शेजारच्या केणींनी लेथवर पितळी बुश काढून दिला.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले,
आईच्या पाटाला नवे पाय लाव.
लावले. तो पाट अजून डुगडुगतो
आणि केणी त्यावर काही बोलत नाहीत.

पट्ट्यामागच्या लोखंडावर कॅनव्हास चिकटवला,
दोन सुतारी पेन्सिलींचं शिसं कुटून त्यात चोळलं;
पट्टा आता रागावल्यासारखा तापत नाही.
डिंकाने माखला, की जुन्या स्लिपरचा तळ टेकवायचा,
लगेच पुन्हा दात काढतो.

एवढं झालं तरी
धूळ होतीच.
सागाची पिवळी, शिसवाची जांभळट,
आणि एमडीएफची, जिला झाडाचं नावच नाही,
घशात मात्र तीच आधी बिऱ्हाड करते.
लहू हिशेब धुळीतच लिहायचा,
कपाटाच्या पाठीवर, बोटाने:
नौपाडा, दोन दारं, साडेतीनशे बाकी.
दुपारपर्यंत नवा थर बसायचा,
उधारी पुसट व्हायची.

दादांच्या खोकल्याची वेळ ठरलेली, पहाटे चार.
घरातले सगळे
तो त्यांचा स्वभाव समजत होतो.

घोडबंदर रोडला, मेट्रोच्या खांबापाशी
टेम्पोखाली चेंगरलेला एक नारिंगी शंकू पडला होता.
रस्ता अडवायचं त्याचं काम संपलेलं.
आणला, चिरा सांधल्या, उलटा टांगला.
वर रंगाची बादली, खाली निळा पिंप,
कुणाच्या बाथरूममधून उरलेला चार इंची पाइप,
पाइपला हात लावला की झिणझिण्या,
म्हणून आतून तांब्याची तार ओढून जमिनीत सोडली.
शेवटाला पिशवी हवी होती.
कालिंदीचा सुती परकर, नाडीसकट.
"चारचौघांत टांगणार?"
टांगला. ब्लोअर लावला की तो फुगतो,
गिऱ्हाईक तिकडे बघतं
आणि घासाघीस करायचं विसरतं.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास
लहू एकदम वर बघायला लागला.
छपराच्या भोकातून रोज उतरणारी
उन्हाची तिरकी काठी नव्हती.
"ढग आले काय?"
बाहेर लख्ख होतं.
आतही ऊन येतच होतं,
फक्त त्याला धरायला हवेत काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी पिंप उघडला.
गव्हाच्या पिठासारखा भुसा, हाताला कोमट.
कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला:
तीन किलो दोनशे.

आता सगळंच काही आत जात नव्हतं म्हणा.
बरंचसं खाली पडायचं, झाडूत जायचं,
शर्टावर बसून घरी यायचं.
पण लहू माझ्याकडे अकरा वर्षं आहे.
मी गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.
त्याचे ओठ मात्र हलत राहिले,
वडा गार झाला तरी.

दुसऱ्या दिवशी सवयीने
त्याने कपाटाच्या पाठीवर बोट फिरवलं.
काहीच उमटलं नाही.
बोट उलटसुलट करून बघितलं, पँटला पुसलं.

वही आणावी लागली, दहा रुपयांची, दोनरेघी.
पहिल्या पानावर त्याने तारीख घातली,
आणि खाली, दाबून:
भुसा, ३ किलो २००.

बाकी कुणाकडे,
ते लिहायची जागा कोरी आहे.