नगाने की वजनाने

पाषाणहून बसने आले. पिशवीत कागदाचे दोन शंकू,
टोकाला टोक, चिकटपट्टीने धरलेले.
तांबट आळीत निजामपूरकरांनी ते चष्म्याजवळ नेले,
म्हणाले, हे मापटं कशाचं?

पृष्ठभाग आहे, म्हटलं. सगळीकडे गुळगुळीत,
फक्त इथे, मध्ये, एक बिंदू अडतो.
पुस्तकात त्याला जड नाव आहे.
मी घरी नुसतं ‘तो’ म्हणते.

तिथे माठार बसणार नाही.
हातोडीला टेकायला जागा लागते, ताई.
टोकाला टोक तांब्यात टिकत नाही,
सुटेल, नाहीतर गळा काढावा लागेल.

काढा, म्हटलं.
तीन वर्षं मीही तेच करतेय.

त्या बिंदूतून जाणाऱ्या रेघा असंख्य,
सगळ्या एकाच जागी उभ्या, पायावर पाय.
एक उपाय, प्रत्येकीला आपापली जागा द्यायची.
बिंदू उघडतो, जागांचं वर्तुळ होतं;
तांब्यात न मावणाऱ्या खऱ्या हिशेबात
तो एक अख्खा गोल असतो.
दुसरा उपाय, समीकरणातल्या शून्यात
चिमूटभर काहीतरी टाकायचं.
टोक सैल पडतं, गळा आपसूक येतो.

ते ऐकत नव्हते. पत्र्याच्या कडेकडेने
ठोकत फिरत होते, कान तिरका.
मधलं कसं आहे ते कडेनं कळतं, म्हणाले,
आणि शेजारच्या दुकानातल्या ठोक्यांत
ते वाक्य बुडालं.

माझी चाळीस पानं त्या वाक्याची आहेत.
बिंदूभोवतीच्या जागेत एक दोरा फिरवून ओढला
तर अडकतो. तोच दोनदा फिरवला
की सुटून हातात येतो.

तो गोल स्वतःला उणे दोन वेळा भेटतो,
हेही सांगून पाहिलं.
त्यांचा नातू गृहपाठातून मान न काढता म्हणाला,
म्हणजे उधारी.

दोन नग करा, सारखेच.
सारखेच? मग दोन कशाला?

एकात गळ्याच्या गोलाला क्षेत्रफळ आहे.
दुसऱ्यात तोच गोल, तेवढाच दिसणारा,
मोजायला जावं तर शून्य.
त्यांनी चष्मा काढला. गिऱ्हाईक खुळं असलं
तरी तांबं खरं असतं, अशा चेहऱ्याने
आगाऊ रक्कम मागितली.

शनिवारी गेले. दोन्ही लखलखत होते,
माठाराच्या प्रत्येक खळीत एकेक बल्ब.
त्यांनी एकेक पारड्यात ठेवला.
यातला शून्यवाला कोणता?
मी बोट दाखवलं.
तो चार ग्रॅम जड भरला.

नगाने देऊ की वजनाने, त्यांनी विचारलं,
आणि मला पहिल्यांदाच
उत्तर द्यायला वेळ लागला.

परतताना पेन्सिलने खूण केली होती एकावर.
बस विद्यापीठाच्या चौकात तासभर अडली.
मांडीवर दोन्ही, हाताचा घाम,
उतरेपर्यंत खूण पुसली गेली.