पाटीची मागची बाजू

मतदान दुसऱ्या मंगळवारी. नऊ दिवस राहिलेत
आणि माझ्या यादीत एकशे चौदा दारं.
मार्लिस झुपांचिच. नाव लांब, पैसा थोडा.
काँग्रेसच्या तिकिटासाठी उभी आहे
आपल्याच पक्षातल्या माणसासमोर,
जो युद्धाच्या प्रत्येक खर्चाला हात वर करतो
आणि दर वेळी सांगतो, जड अंतःकरणानं केला.

मार्लिस बावीस वर्षं गणित शिकवायची.
तिचं भाषण म्हणजे वजाबाकी :
इतक्या क्षेपणास्त्रांतून आपलं बंद पडलेलं प्रसूतिगृह वजा,
पुरत नाही, मग शेजारच्या घरातून हातचा घ्या.
हा हातचा कुणाचा, ती विचारते,
आणि ग्रंथालयाच्या तळघरातले सतराजण
आपापल्या कॉफीत बघतात.

मेसाबीच्या या रांगेत माती लाल, लोखंडाची.
वाळत घातलेल्या चादरींना कडेनं गंज चढतो.
आमचा डोंगर मालगाडीत बसून गेला,
त्याचे रणगाडे झाले, जहाजं झाली,
मागे राहिला खड्डा, त्यात आता पाणी आहे,
इतकं निळं की पाहुणे फोटो काढतात.

मी शाळेची बस चालवायचे.
उणे तीसमध्येही एक मिनिट जास्त थांबायचे
बूट घालत धावत येणाऱ्यांसाठी.
त्यांतली तीन नावं आता चौकातल्या दगडावर आहेत.
हे मी दारात कुणाला सांगत नाही.
पत्रक देते, मंगळवार सांगते, डास मारते.

रेनो हक्काराइनेननं जाळीचं दार उघडलं नाही.
जाळीतूनच बोलला :
"लढाई लागली की खाण चालते, लोविझा.
खाण चालली की दातांचा डॉक्टर परवडतो.
बापाच्या वेळी तेच, माझ्या वेळी तेच.
तुझी बाई खाण चालवणार का?"

मला उत्तर आलं नाही.
पत्रकावर होतं एक, तिसऱ्या मुद्द्यात,
पण ते वाचून दाखवण्यासारखं नव्हतं.
त्याच्या मागे, भिंतीवर,
काचेच्या त्रिकोणात घडी घातलेला झेंडा.
कर्टिस. डावीकडचा चौथा बाक.
खिडकीवर श्वास सोडून बोटानं मासे काढायचा.

मग मी भलतंच बोलले.
म्हटलं, मागच्या लढाईला मीही हो म्हटलं होतं.
अंगणातल्या मेपलला पिवळी फीत बांधली होती,
गच्च, वाऱ्यानं सुटू नये म्हणून.
सोडायची राहून गेली.
झाड वाढलं, फीत सालीत रुतली,
आता दिसत नाही, नुसता वळ दिसतो,
आणि वळाच्या वर खोड फुगलंय.

रेनो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "पाटी लावायची तर खंदकापाशी लाव.
शुक्रवारी मी गवत कापतो."

आम्ही हरलो.
थोडक्यात नाही, चांगल्याच फरकानं.
मार्लिसनं कागदी रुमालावर टक्केवारी काढली,
दोनदा तपासली, रुमाल पर्समध्ये ठेवला,
आणि उरलेला केक कोण नेणार ते विचारलं.
त्याच रात्री टीव्हीवर कुठलं तरी शहर जळत होतं.
आवाज बंद होता. कुणी वाढवला नाही.

पाट्या गोळा करायचं काम माझं.
तारांच्या चौकटी पुढल्या वेळी लागतील,
असं मीच म्हणाले होते, कुणी विचारलं नसताना.
एक्केचाळीस मिळाल्या. दोन कुणीतरी गाडीखाली घातलेल्या.

रेनोच्या खंदकापाशी पाटी उभीच होती, फक्त उलटी फिरवलेली.
मागच्या कोऱ्या बाजूवर जाड्या काळ्या पेननं :
ब्लूबेरी. डबा सहा डॉलर. पैसे बरणीत टाका.

मी सहा डॉलर बरणीत टाकले,
पाटी उपटायला वाकले,
आणि तशीच थांबले.
रस्त्याकडे ब्लूबेरी,
आणि मार्लिसचं नाव, सगळंच्या सगळं लांब नाव,
त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून.

यादीत लिहिलं : एक पाटी सापडली नाही.
डबा मांडीवर घेऊन घरापर्यंत खात गेले.
आंबट होत्या, अजून आठवडा हवा होता.