खांब नंबर त्रेपन्न

हेरल्यापासून अतिग्र्यापर्यंत
रोज सकाळी मी पाइपाच्या डोक्यावरून चालतो.
पाइप खाली दीड मीटर, वर पिवळे खांब,
खांबांवर लिहिलेलं: खोदू नका.
एकतिसाव्याला कुणीतरी म्हैस बांधतं.

या गॅसला स्वतःचा वास नसतो.
कुजक्या अंड्याचा वास मागाहून घालतात,
माणसाला कळावं म्हणून.
ट्रेनिंगला साहेबांनी बाटली फिरवली,
सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.
मीही केलं,
शेजारच्याचं बघून.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
तेव्हापासून कारखान्याची मळी काय
आणि गुऱ्हाळावरची काकवी काय.
हे रत्नाला ठाऊक आहे,
आणि आता तुम्हाला.

म्हणून मी बघतो.
कुठली हरळी अवेळी वाळली,
कुठल्या मुंग्यांनी बिऱ्हाड हलवलं,
कुठं रात्रीतून जेसीबीचा दात उमटला.
बघायची सवय लागली की
चपलेचा अंगठा तुटलेलासुद्धा उशिरा कळतो.

मंगळवारी, खांब त्रेपन्न.
कुबेर मगदुमांच्या उसात
परातीएवढा पिवळा डाग,
भोवतीचा ऊस काळाशार.
"खत जास्त झालं असंल," ते म्हणाले.
मी म्हटलं, जरा पाणी सोडा.

पाट भरला, ढेकळं विरघळली,
आणि चूळ तोंडात धरून बोलणाऱ्या पोरासारखी
जमीन बोलायला लागली.
बुडूक.
बुडूक, बुडूक.

मशीन टेकवलं. आकडा चढत गेला.
मगदुमांनी कानावरची विडी काढली.
"काका, ती ठेवा. मागं सरा."
"का रं? वास तर कसलाच न्हाय."

खरंच नव्हता.
मातीनं तो वाटेतच पिऊन टाकला होता,
वर आला तो नुसता गॅस,
जसा मूळचा होता तसा, बिननावाचा.

फोनवर साहेबांनी पहिलं तेच विचारलं:
"वास येतोय?"
"नाही, साहेब," मी म्हणालो.
दोन वर्षांत पहिल्यांदाच
या प्रश्नाला खरं उत्तर दिलं.

व्हॉल्व्ह बंद झाला, रात्री खणलं.
जोडावर चीर होती,
तान्ह्या पोराच्या नखाएवढी.
मगदुमांनी सगळ्यांना चहा आणला,
आणि पिवळ्या उसाची भरपाई कोण देणार
ते तीनदा विचारलं.

उद्या एकतिसाव्याची म्हैस सोडायला सांगायची आहे.
रोज विसरतो.